‘दोघंच? करायचं काय तिथं?’

सांगली जिल्ह्यातल्या एका वाचक भगिनीचं हे पत्र. ओळख पटेल असा तपशील गाळून मजकूर थोडक्यात देते आहे:

‘मी ४९ वर्षांची. घरीच ब्लाउज-ड्रेस शिवते, लग्नसराईत आरी वर्कचीही कामं घेते. मिस्टर ५४, पतसंस्थेत नोकरीला. मुलगा पुण्यात आयटीत. सासूबाई ८० च्या, आमच्याजवळच असतात. येत्या मे महिन्यात लग्नाला २५ वर्षं होतील. शिलाईतून आणि भिशीतून मी ९ वर्षांत साडेपाच लाख बाजूला टाकलेत. कशासाठी, ते कुणाला बोलले नव्हते. माझ्या मशीनसमोर भिंतीवर एका जुन्या कॅलेंडरचं पान आहे. उभ्या कड्यावरून सरळ खाली पडणारा धबधबा, पायथ्याशी चर्च, लाकडी घरं. खाली नुसतं ‘स्वित्झर्लंड’ छापलंय. तिथं जाऊन चार-पाच दिवस शांत राहायचं, एवढंच मनात आहे. मुलाला सांगितलं तर त्यानं लगेच एका सहलीचं पत्रक पाठवलं, दहा दिवसांत पाच देश. मिस्टर म्हणाले, जायचंच तर ग्रुपनं जाऊ, नाहीतर ते पैसे पोराच्या लग्नाला ठेव. मी म्हटलं, आपण दोघंच जाऊ. तर पोरासमोर म्हणाले, ‘दोघंच? करायचं काय तिथं?’ मला ते फार लागलं. २५ वर्षांत आम्ही दोघंच असे कुठंही गेलेलो नाही. लग्नानंतर महाबळेश्वरला गेलो तेव्हाही दीर-जाऊ बरोबर होते. ह्यांना माझ्याबरोबर वेळ घालवायचाच नाही, असं आता वाटायला लागलंय. गुपचूप दोन तिकिटं काढून टाकू का? की मुकाट्यानं ग्रुपनं जाऊ?’

प्रिय ताई,

‘दोघंच? करायचं काय तिथं?’ हे वाक्य तुमच्या मूळ पत्रात दोनदा आलंय. दुसऱ्यांदा लिहिताना पेन इतकं रुतलंय की पानाच्या मागून बोट फिरवलं तरी अक्षरं हाताला लागतात. लागण्यासारखंच आहे ते, त्यातून पोरासमोर. नऊ वर्षं मनात जपलेली गोष्ट एकदाची बोलून दाखवावी आणि समोरून असं उत्तर यावं, याचं दुःख मी कमी लेखणार नाही.

तरीही ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुमच्या कानांनी ऐकलं, ‘तुझ्याबरोबर मी करू काय?’ त्यांनी म्हटलंय मात्र ‘तिथं’. मला वाटतं, तिथं करायचं काय असतं हे त्यांना खरोखरच माहीत नसेल.

तुमच्या मिस्टरांनी आजवर रजा कशाकशासाठी काढली, ते आठवून बघा. कुणाचं लग्न, कुणाचा दहावा, मुलाची ॲडमिशन, आईचा दवाखाना. देवाला गेलं तरी रांग, नारळ, अभिषेकाची पावती, प्रसाद, असा सगळा कार्यक्रम ठरलेला. काही काम नाही, कुणी बोलावलेलं नाही, आणि तरी बायकोबरोबर परगावी जाऊन राहायचं, हे आपल्या पिढीतल्या कितीतरी पुरुषांनी जन्मात एकदाही केलेलं नाही. बायकांनी तरी कुठं केलंय म्हणा. पण तुमच्यासमोर निदान नऊ वर्षं एक चित्र होतं. त्यांच्यासमोर तेही नाही.

दुसरी शक्यता भीतीची आहे, आणि ती बोलून दाखवणं त्यांना जड जाईल. पतसंस्थेत वर्षानुवर्षं काढलेल्या माणसाला गावात चारजण ओळखतात, कुठल्या खिडकीपुढं ताटकळायची वेळ येत नाही. तोच माणूस परक्या देशात इमिग्रेशनच्या खिडकीपुढं उभा राहणार, पलीकडचा अधिकारी इंग्रजीत विचारणार, आणि शेजारी बायको उभी. ग्रुपमध्ये बोलायचं काम टूर मॅनेजरचं असतं. ‘ग्रुपनं जाऊ’ म्हणताना त्यांच्या मनात ‘तुझ्यासमोर माझी फजिती नको’ एवढंच असेल, असंही होऊ शकतं.

मी हे छातीठोकपणे सांगत नाही. त्यांच्याबरोबर पंचवीस वर्षं तुम्ही राहिलात, मी नाही. पण तुम्ही लावलेला अर्थ तुम्ही त्यांना विचारून पडताळलेला नाही, एवढं पत्रावरून दिसतं.

इथं माझा एक अनुभव सांगते, कारण तुमच्या कॅलेंडरवरचं गाव मला ओळखीचं वाटतंय. उभा कडा, सरळ पडणारं पाणी, पायथ्याला टोकदार मनोऱ्याचं चर्च. ते बहुधा लाउटरब्रुनेन असावं. धबधब्याचं नाव श्टाउबबाख. उंची जवळपास ३०० मीटर. नावाचा अर्थ ‘धुळीचा ओढा’, कारण एवढ्या उंचीवरून खाली येईतो पाण्याची नुसती फवार होते आणि वारा ती झाडल्यासारखी इकडून तिकडे नेतो. मी आणि माझे यजमान काही वर्षांपूर्वी तिथं गेलो होतो. इंटरलाकेन ओस्ट स्टेशनातून लाउटरब्रुनेनला वीस मिनिटांची गाडी आहे. पण ती गाडी वाटेत त्स्वाइल्युत्शिनेन नावाच्या स्टेशनात दुभंगते. अर्धे डबे लाउटरब्रुनेनला जातात, अर्धे ग्रिंडेलवाल्डला. डब्यावर पाटी असते, आम्ही ती वाचली नाही. गाडी सुटली, नदी भलत्याच बाजूला दिसायला लागली, आणि यजमानांनी माझ्याकडं वळून विचारलं, ‘आता काय करायचं गं?’

तोवरच्या संसारात हा प्रश्न त्यांच्या तोंडून मी ऐकला नव्हता. दादरला असो की पंढरपूरला, ते बॅग घेऊन चार पावलं पुढं आणि मी मागं, असंच आमचं चालणं. त्या दिवशी आम्ही ग्रिंडेलवाल्डला उतरलो, समोर आयगर डोंगराचा काळाकभिन्न कडा, स्टेशनाजवळ एकेक कॉफी घेतली आणि अर्ध्या तासानं परत फिरलो. तिथल्या गाड्यांना आणि बोटींना चालणारा स्विस ट्रॅव्हल पास होता, त्यामुळं जादा पैसेही गेले नाहीत. पुढचे सगळे दिवस प्लॅटफॉर्म मी बघायचा आणि डबा त्यांनी, असं आपोआप ठरून गेलं. त्या सहलीतलं बाकी बरंच पुसट झालंय. ती कॉफी आणि तो प्रश्न अजून जसाच्या तसा आहे.

म्हणून तुम्हाला सुचवते, त्यांच्या वाक्याला टोमणा समजू नका, प्रश्न समजा, आणि त्याचं उत्तर दोघांनी बसून लिहून काढा. मुलासमोर नको. टीव्ही चालू असताना तर नकोच. रात्री जेवणं आवरल्यावर शतपावली घालता ना, तेव्हा विषय काढा. ‘यायचंय की नाही ते एकदा सांगा’ असं विचारलंत तर उत्तर एका शब्दात येईल आणि तिथंच संपेल. ‘तुम्हाला नेमकं कशाचं टेन्शन येतंय? भाषेचं, जेवणाचं, पैशाचं की आईंचं?’ असं विचारा. अशा प्रश्नाला माणूस काहीतरी बोलतो. आणि ते बोलतील तेव्हा लगेच उपाय सांगायला धावू नका, पुरतं ऐकून घ्या.

आता तुमच्या दोन प्रश्नांकडं येते.

गुपचूप तिकिटं काढू नका. एक तर ते गुपचूप होणारच नाही. स्वित्झर्लंडला शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा लागतो. त्याच्या अर्जावर त्यांची सही लागते, व्हिसा केंद्रावर स्वतः जाऊन बोटांचे ठसे द्यावे लागतात, नोकरीच्या ठिकाणचं रजेचं पत्र लागतं, बँकेचे खातेउतारे लागतात. व्हिसाची फी माणशी ९० युरो, वर केंद्राचं शुल्क, आणि व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. विमानाची परत न होणारी तिकिटं आधी काढून बसलात तर तेही पैसे अडकतात. पण हे सगळं बाजूला ठेवलं, तरी ज्यांच्याबरोबर मोकळेपणानं राहायचंय त्यांना न सांगता सुरुवात केली, तर त्या पाच दिवसांत ते पाहुण्यासारखे वागतील. तुम्हाला तर सोबती हवाय.

पैशाबद्दल मात्र माझं मत स्वच्छ आहे. हे साडेपाच लाख तुमच्या मानेच्या आणि डोळ्यांच्या कष्टाचे आहेत. मुलगा कमावता आहे, आपल्या लग्नाचा खर्च त्यानं उचलावा, निदान मोठा वाटा तरी. ‘पोराच्या लग्नाला ठेव’ हे वाक्य आपल्याकडं बायकांच्या बचतीला लगेच ऐकवलं जातं, आणि आपणही मान डोलवतो. तुम्ही डोलवू नका. भांडून नव्हे, शांतपणे सांगा की हे पैसे मी यासाठीच साठवलेत. ते हिशेबातले माणूस आहेत, नऊ वर्षांची तुमची वही त्यांच्यापुढं ठेवा. तारीखवार साठवलेल्या शंभर-पाचशेच्या नोंदी बघून पतसंस्थेतल्या माणसाला काय वाटेल, याचा मला थोडाफार अंदाज आहे.

आणि आता थोडं तुमच्या बाजूनंही तपासू.

ग्रुपला तुम्ही शिक्षा ठरवून टाकलंय, ते मला पूर्ण पटत नाही. पहिल्यांदा परदेशी जाणाऱ्याला ग्रुपचे फायदे खरे आहेत. व्हिसाची फाईल ते तयार करून घेतात, संध्याकाळी वरण-भात मिळतो, कुणी आजारी पडलं तर धावपळ करायला माणूस असतो. साठीच्या पुढच्या, गुडघे दुखणाऱ्या कितीतरी वाचकांना मी ग्रुपचाच सल्ला देते. तुमच्या बाबतीत अडचण ग्रुपची नाही, दहा दिवसांत पाच देशांची आहे. एक दिवसाआड पहाटे उठून बॅगा भरायच्या, दिवसाचे पाच-सहा तास बसमध्ये, आणि धबधब्यासमोर चाळीस मिनिटं, त्यातली पंधरा स्वच्छतागृहाच्या रांगेत. तुम्हाला चार-पाच दिवस शांत राहायचंय. त्या दोन गोष्टींचा मेळ बसणार नाही.

पण अधलेमधले रस्ते आहेत. सहल कंपन्या फक्त दोघांसाठीही आखणी करून देतात: व्हिसा, विमान, राहणं, पास त्यांच्याकडून, फिरणं आपलं आपण. मिस्टरांना ‘मागं कुणीतरी आहे’ हा धीर हवा असेल तर तो यातून मिळतो. दुसरा मार्ग, कमी देशांचा ग्रुप घ्यायचा आणि सहल संपल्यावर चार दिवस मागं राहायचं. परतीचं तिकीट पुढच्या तारखेचं मिळेल का, हे बुकिंग करतानाच विचारायला हवं, कारण व्हिसा आणि विमा त्या वाढीव दिवसांना पुरले पाहिजेत. कंपनीकडून पॅकेज घेतलं की किमतीवर टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा प्राप्तिकर, भरावा लागतो. तो प्राप्तिकराचं विवरणपत्र भरल्यावर वळता होतो किंवा परत मिळतो, पण तोवर रक्कम अडकते. बजेट मांडताना ती धरा.

तुमच्या चित्राबद्दलही दोन शब्द. लाउटरब्रुनेन आता फार गजबजलेलं गाव आहे. दिवसा त्या चर्चच्या रस्त्यावर फोटो काढणाऱ्यांची रांग असते. पाऊस लागला तर ढग दरीत उतरून बसतात आणि कडा दिसतही नाही. हे आधी सांगते आहे, कारण नऊ वर्षं बघितलेल्या चित्रात पाऊस नसतो, माणसं नसतात, आणि शेजारी मिस्टरही नसतात. सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर मात्र ते गाव तुमच्या पानावरच्यासारखं असतं. म्हणूनच तिथं मुक्काम करण्यात अर्थ आहे, धावती भेट देण्यात नाही. किंवा दातेरी रुळांच्या गाडीनं चौदा-पंधरा मिनिटं वर वेंगेनला जा. तिथं मोटारी नाहीतच. संध्याकाळी शेवटचे पर्यटक उतरले की गावात गाईंच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येतात.

तारखेचा हट्टही सोडा, ही माझी आग्रहाची विनंती. मे महिन्यात आपल्याकडच्या सुट्ट्यांमुळं व्हिसा केंद्रांवर झुंबड असते, तिकडं उंचावरच्या पायवाटांवर बर्फ असतं, काही रोपवे दुरुस्तीसाठी बंद असतात. आणि मेमध्ये तुमच्या मशीनला तरी कुठं उसंत असते? सप्टेंबरमध्ये पतसंस्थांच्या वार्षिक सभा, तेव्हा त्यांना रजा मिळणं अवघड. जूनचा उत्तरार्ध तुम्हा दोघांच्या कामाला जमेल असं दिसतं. त्या दिवसांत तिकडं सूर्य रात्री नऊनंतर मावळतो. जेवण उरकून बाल्कनीत बसलात तरी उजेड असतो.

तर मग ‘करायचं काय तिथं?’ एक दिवस नमुन्यादाखल मांडून दाखवते. बाकीचे तुम्ही दोघांनी मांडा.

सकाळी चहा आपल्या हातचा. त्यासाठी हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. कोप किंवा मिग्रोसच्या दुकानातून दूध, दही, ब्रेड, बटाटे, टोमॅटो आणले की बराच खर्च वाचतो. घरून भाजणी, मेतकूट, चटण्या, पोह्यांचा चिवडा न्या. साजूक तूप, पेढे, श्रीखंडाच्या वड्या नेऊ नका. भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ तिकडं न्यायला बंदी आहे. रविवारी तिकडं बहुतेक दुकानं बंद असतात, म्हणून शनिवारी संध्याकाळीच सामान भरून ठेवायचं. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका, नळाचं आणि रस्त्यावरच्या कारंज्याचं पाणी पिण्याजोगं असतं. नसेल तिथं तशी पाटी असते.

मग नऊच्या गाडीनं वेंगेन. तिथून खालच्या दरीकडं बघत तासभर सपाटीनं चालायचं, बाकावर बसायचं. दुपारी त्र्युमेलबाख. तिथं हिमनद्यांचं पाणी डोंगराच्या पोटातून कोसळतं आणि ते आतल्या बोगद्यातून बघता येतं. आवाज इतका की एकमेकांशी खुणांनीच बोलावं लागतं. दुसऱ्या दिवशी ब्रिएन्झ तलावात बोट, तीही पासात येते. बाहेर खायची वेळ आली तर रोश्टी मागवा. किसलेल्या बटाट्याची ती थालीपिठासारखी भाजलेली चकती तुम्हाला परकी वाटणार नाही. त्यात अंडं किंवा डुकराचं मांस नको, हे मात्र आधी सांगा.

युंगफ्राउयोख या बर्फातल्या उंच स्टेशनाला जायलाच हवं असं मानू नका. ते ३,४५४ मीटरवर आहे, तिकीट महाग, पासधारकाला फक्त सवलत मिळते. सकाळी वरच्या कॅमेऱ्याचं थेट चित्र फोनवर बघा आणि आकाश निरभ्र असेल तरच पैसे घाला. दोघांपैकी कुणाला बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर इथूनच डॉक्टरांना विचारून निघा.

हे सगळं कोऱ्या वहीत मांडताना कामं वाटून घ्या, हा माझ्या सल्ल्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. अशी पत्रं मला तरुण जोडप्यांकडूनही येतात. एकजण रात्र-रात्र जागून सगळी आखणी करतो, दुसरा नुसतं ‘हो, चालेल’ म्हणतो. मग तिकडं पाऊस पडला, खोली लहान निघाली, जेवण बेचव लागलं, की प्रत्येक गोष्टीचा दोष आखणाऱ्याच्या पदरात. तुमच्या घरात राहायची जागा आणि रोजचा फेरा तुम्ही ठरवा. पैसे, कागदपत्रं आणि गाड्यांचं वेळापत्रक त्यांच्याकडं द्या. तिथली रेल्वे त्यांच्यासारख्या माणसाला आवडेल. झ्युरिकच्या विमानतळाखालीच स्टेशन आहे, इंटरलाकेनपर्यंत सव्वादोन तासांच्या आसपास लागतात, बहुतेक वेळा बर्नला गाडी बदलून. एसबीबीच्या, म्हणजे तिथल्या रेल्वेच्या, ॲपवर प्लॅटफॉर्मसुद्धा आधीच दिसतो. मुलानं ते ॲप फोनवर घालून द्यावं आणि एक रविवार बसून वडिलांना सराव करून द्यावा. त्याला काही भेट द्यायचीच असेल तर ही द्यावी. ठरवण्याचं काम त्याच्याकडं देऊ नका.

कागदांकडं आजपासूनच बघा, कारण अडचणी इथंच निघतात. शेंगेन देशांतून परतायच्या तारखेनंतर किमान तीन महिने पासपोर्ट चालू हवा, दहा वर्षांहून जुना नको, दोन पानं कोरी हवीत. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. तुम्ही तीन महिने धरून चला. विमा किमान ३० हजार युरोंचा लागतो. तो घेताना आधीचे आजार लपवू नका, नाहीतर गरजेच्या वेळी दावा फेटाळला जातो. भिशीचे पैसे रोख असतील तर अर्जाच्या आदल्या आठवड्यात एकदम खात्यात भरू नका. अचानक फुगलेलं खातं बघून व्हिसावाले शंका घेतात. आतापासून भरा, कुठून आले त्याची नोंद ठेवा. डेबिट कार्डाचा परदेशातला वापर बँकेकडून चालू करून घ्या, आणि तिथल्या मशीननं ‘रुपयांत की फ्रँकमध्ये?’ असं विचारलं तर फ्रँकच निवडा. रुपयांचा पर्याय महाग पडतो.

सासूबाईंबद्दल तुम्ही फक्त वय लिहिलंत. ‘त्यांना कोण बघणार’ हा प्रश्न मिस्टरांच्या मनात नक्की असेल, कदाचित सगळ्यात वर. घरच्यांनी परस्पर काही ठरवण्याआधी तुम्ही स्वतः त्यांच्याशी बोला. ‘आई, आम्ही दोघं आठ-नऊ दिवस जावं म्हणतोय, तुम्ही कुणाकडं राहाल, की इथंच कुणाला बोलवू?’ असं विचारलं की ८० वर्षांच्या माणसालाही आपल्याला विचारात घेतलं असं वाटतं. नणंद किंवा जाऊबाई यांच्यापैकी जी येऊ शकेल तिला तीन महिने आधी तारखा द्या, आदल्या आठवड्यात गळ घालू नका. रात्रीच्या सोबतीला पगारी बाई लावायची तर तिला आठवडाभर आधीपासून येऊ दे, म्हणजे सवय होते. औषधांच्या वेळा, डॉक्टरांचा नंबर, गॅसची टाकी, दूधवाला, सगळं एका कागदावर मोठ्या अक्षरात. आणि हेही मनाशी धरा की पुढच्या वर्षी त्या ८१ च्या होतील. जाणं तेव्हा सोपं होणार नाही.

त्याआधी एक छोटी तालीम करा. दोन रात्री, फक्त तुम्ही दोघं. मिरजेहून दूधसागरजवळून जाणारी गाडी पकडून गोव्याला जा, किंवा एसटीनं आंबोलीला. खोली तुम्ही घ्या, तिकिटं त्यांनी काढावीत. नातेवाइकांकडं उतरायचं नाही, देवदर्शनाचा नवस जोडायचा नाही. पहिल्या संध्याकाळी अवघडल्यासारखं होईल. फोन बघावासा वाटेल, बोलायला विषय सुचणार नाही, कदाचित पोराचाच विषय निघेल. होऊ दे. पंचवीस वर्षांत तुम्ही घरातलं सामान, फी, आजारपणं यांवर हजारो वेळा बोललात, तीच तुमची भाषा आहे. तिच्यातूनच दुसरी निघेल, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना कुणी काही बोललं नाही तरी ते वाईटच असतं असं नाही.

समजा, एवढं सगळं होऊनही ते नाही म्हणाले? मग ते का नाही म्हणतात यावर पुढचं अवलंबून आहे. व्हिसाचा आणि खर्चाचा धाक असेल तर भूतान आहे. आपल्याला तिथं व्हिसा लागत नाही, मतदार ओळखपत्रावरही जाता येतं, शाश्वत विकास शुल्क माणशी एका रात्रीला १,२०० रुपये. डोंगर आहेत, शांतता आहे, हिंदी बऱ्यापैकी चालते. तिथून आल्यावर स्वित्झर्लंडचा विषय कदाचित तेच काढतील. आणि मुळातच प्रवासाची आवड नाही, असं त्यांनी मोकळेपणानं सांगितलं, तर तुम्ही एखादी मैत्रीण किंवा बहीण घेऊन जा, किंवा फक्त बायकांच्या सहली असतात त्यातून जा. यात त्यांचा अपमान नाही आणि तुमचा हट्टही नाही. फक्त रागानं जाऊ नका. रागानं गेलात तर त्या धबधब्यासमोरही तुम्ही मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत उभ्या असाल.

पुढच्या पत्रात त्यांनी काय उत्तर दिलं ते लिहा. आणि एक काम उद्या सकाळीच करा. दोघांचे पासपोर्ट, आधार आणि पॅन समोरासमोर ठेवून नावांची स्पेलिंगं जुळतात का बघा. आपल्याकडं बायकांची नावं माहेरची, सासरची, मधलं नाव असलेली, नसलेली अशी तीन-तीन तऱ्हांनी लिहिलेली असतात, आणि ती दुरुस्त करायला सगळ्यात जास्त वेळ जातो. त्यांचा पासपोर्ट अजून काढलेलाच नसेल तर तो अर्ज मात्र त्यांना भरू दे, तुम्ही शेजारी बसा.